भयपटांशी पहिली ओळख: कोठून सुरुवात करावी आणि पुढे कसे जावे

भयपट पाहायला निघालेला नवखा प्रेक्षक बहुधा ‘आजवरचा सर्वांत भीतिदायक चित्रपट कोणता’ असे चार जणांना विचारतो आणि जे नाव सर्वाधिक वेळा कानावर पडते तोच चित्रपट पहिल्या रात्री लावतो. मीही तेच केले होते. मित्राने मोठ्या अभिमानाने हाती दिलेला तो चित्रपट माणसांच्या छळाची एकामागून एक दृश्ये दाखवणारा होता. विसाव्या मिनिटाला मी तो बंद केला आणि पुढची काही वर्षे ‘भयपट आपल्यासाठी नाहीत’ असे सर्वांना सांगत राहिलो. वास्तविक मला भीतीचा नव्हे, किळसेचा त्रास झाला होता, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मला सांगणारे कोणी भेटले नव्हते. भयपट हा एकच प्रकार नसून त्याच्या पोटात एकमेकांशी फारसे न पटणारे अनेक उपप्रकार आहेत, आणि कोणता चित्रपट आधी व कोणता नंतर पाहिला यावर ही आवड लागणार की नाही हे बरेचसे ठरते. पुढील पायऱ्या त्या क्रमासाठी आहेत. कथांचे शेवट कोठेही सांगितलेले नाहीत.

पहिली पायरी: आपण कशाला घाबरतो ते ओळखावे

पडद्यावरची भीती ढोबळमानाने तीन वाटांनी येते. एक म्हणजे दचकणे, दुसरी किळस, आणि तिसरी म्हणजे काहीतरी वाईट घडणार आहे या जाणिवेने हळूहळू आत साचत जाणारी धास्ती. जवळपास प्रत्येक भयपटात या तिन्हींचे मिश्रण असते, पण प्रमाण वेगवेगळे असते, आणि आपल्याला कोणते प्रमाण सोसते हे प्रत्येकाने स्वतःपुरते तपासावे लागते. रक्त पाहून घेरी येणाऱ्या व्यक्तीला भुताच्या गोष्टीत काहीच अडचण येत नाही. उलट चाकूसुऱ्यांची दृश्ये निर्विकारपणे पाहणारा माणूस रिकाम्या खोलीत आपोआप हलणाऱ्या पाळण्याने हादरतो.

दचकवणे आणि धास्ती यांतला फरक समजून घ्यायचा असेल, तर ज्याक तुर्नर दिग्दर्शित ‘कॅट पीपल’ या 1942 च्या चित्रपटातील एक प्रसंग पाहावा. एक तरुणी रात्री बागेच्या दगडी भिंतीलगत एकटीच चालली आहे, तिच्या मागे दुसरी बाई आहे, आणि दोघींच्या टाचांचा आवाज आपल्याला ऐकू येतो आहे. दिव्याखालचा उजेडाचा गोल, मग अंधार, पुन्हा उजेडाचा गोल, पुन्हा अंधार. थोड्या वेळाने लक्षात येते की मागच्या पावलांचा आवाज थांबला आहे. तरुणी वळून पाहते, रस्ता रिकामा आहे. ती घाईने पावले उचलू लागते, आणि तेवढ्यात फिस्कारल्यासारखा आवाज करत चौकटीच्या बाजूने काहीतरी आत घुसते. ती असते एक बस, आणि तो आवाज तिच्या ब्रेकचा असतो. प्रेक्षक दचकतो तो त्या एका क्षणी, पण त्याला तेथवर आणून सोडले आहे ते आधीच्या पावलांनी. पुढे चित्रपटसृष्टीत अशा फसव्या दचक्याला निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या नावावरून ‘ल्यूटन बस’ असेच म्हणू लागले. ज्या चित्रपटात बस असते पण पावले नसतात, तो भयपट बेतलेला नसून नुसता आवाज वाढवलेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: पहिला चित्रपट

आलेहान्द्रो आमेनाबार यांचा ‘द अदर्स’ (2001) पहिल्या रात्रीसाठी मला सर्वांत योग्य वाटतो. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले आहे, जर्सी बेटावरच्या एका मोठ्या घरात एक आई दोन लहान मुलांसह राहते आहे, आणि मुलांना उजेड सोसत नसल्यामुळे त्या घराचा एक कडक नियम आहे: मागचे दार कुलूपबंद केल्याशिवाय पुढचे दार उघडायचे नाही. या एका नियमाने दिग्दर्शकाने किती काम साधले आहे ते पाहण्यासारखे आहे. अंधार ठेवायला कारण मिळाले, किल्ल्यांचा खुळखुळाट सतत कानावर राहिला, आणि एखादे दार नुसते उघडे दिसले तरी प्रेक्षकाच्या काळजाचा ठोका चुकू लागला. बंद खोलीतून पियानोचे सूर येतात तो प्रसंग याच हिशेबाने रचलेला आहे. त्यात ना रक्त आहे, ना विद्रूप चेहरा, तरीही निकोल किडमन हातात किल्ली घेऊन त्या दाराशी उभी राहते तेव्हा आपण नकळत श्वास रोखून धरतो. चित्रपटात रक्तपात जवळजवळ नाहीच, त्यामुळे हा उपप्रकार आपल्याला मानवतो की नाही याची चाचणी स्वच्छपणे होते.

ज्यांना भुताखेतांच्या कथेत मन रमवता येत नाही, त्यांनी स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या ‘जॉज’पासून (1975) सुरुवात करावी. समुद्रातल्या शार्कची ही कथा साहसपटाच्या अंगाने जाते आणि म्हणून सोपी वाटते. चित्रीकरणात यांत्रिक शार्क वारंवार बिघडत असल्यामुळे ती फारशी दाखवता आली नाही, आणि तेच पथ्यावर पडले. पिवळी पिंपे पाण्यावर सरकताना दिसली की खाली काय आहे हे सांगावे लागत नाही.

तिसरी पायरी: कसे पाहावे

हा भाग लोक वगळतात, पण भयपट फसण्याचे खरे कारण बहुधा येथेच असते. भयपटाचा निम्मा जीव ध्वनीत असतो. भ्रमणध्वनीच्या बारीक स्पीकरवर पाहिलेला भयपट हा भयपट राहत नाही. मोठा पडदा नसला तरी चालेल, पण कानाला चांगले हेडफोन असावेत.

स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या ‘द शायनिंग’मध्ये (1980) एक लहान मुलगा रिकाम्या हॉटेलच्या मार्गिकांमधून तीनचाकी गाडी चालवत जातो आणि कॅमेरा जमिनीलगत त्याच्या मागे सरकत राहतो. लाकडी जमिनीवर चाकांचा खडखडाट, गालिचावर एकदम शांतता, पुन्हा खडखडाट, पुन्हा शांतता. एवढेच घडते. कोणी मारले जात नाही, कोणी किंचाळत नाही, पण दोन-तीन गालिचे ओलांडेपर्यंत पुढच्या वळणावर काय असेल या विचाराने पाचावर धारण बसलेली असते. हाच प्रसंग आवाज बंद करून पुन्हा पाहावा. एक मूल गाडी चालवताना दिसेल, बाकी काही नाही. हा प्रयोग नवख्याने एकदा तरी करावाच, कारण त्यातून आणखी एक उपयोगी गोष्ट हाती लागते: भीती असह्य झाली तर डोळे झाकण्यापेक्षा कान झाकणे अधिक परिणामकारक ठरते.

याखेरीज खोलीत अंधार असावा, चित्रपट एका बैठकीत पाहावा आणि शक्यतो सुरुवात चुकवू नये. परभाषेतील चित्रपट मूळ भाषेत, उपशीर्षकांसह पाहावेत. दुसऱ्या भाषेत आवाज चढवताना कुजबुज आणि श्वास हेच आधी हरवतात. मात्र विशिष्ट विषयांचा, जसे मुलांचा मृत्यू, लैंगिक अत्याचार, प्राण्यांवरील हिंसा, एखाद्याला खरोखर त्रास होत असेल तर त्याबाबतची पूर्वसूचना आधी वाचून घेण्यात कमीपणा काहीच नाही.

चौथी पायरी: आवडलेल्या वाटेने पुढे जावे

‘द अदर्स’ रुचला असेल तर झपाटलेल्या घरांची वाट धरावी. जॅक क्लेटन यांचा ‘द इनोसंट्स’ (1961) हा त्याचा थेट पूर्वज. यात तळ्यापलीकडच्या लव्हाळ्यांत, दिवसाढवळ्या, काळ्या वस्त्रांतील एक स्त्री नुसती उभी दिसते. ती काही करत नाही, जवळ येत नाही, आणि हा प्रसंग मी आजवर पाहिलेल्या भुतांच्या दर्शनांत सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. छायाचित्रकार फ्रेडी फ्रान्सिस यांनी चौकटीच्या कडा मुद्दाम काळवंडून ठेवल्यामुळे नजर सतत त्या कडांकडे ओढली जाते. त्यानंतर रॉबर्ट वाइज यांचा ‘द हॉन्टिंग’ (1963) पाहावा, ज्यात भूत असे दिसतच नाही. भिंतीपलीकडचे धक्के आणि आतल्या बाजूला फुगणारे एक बंद दार एवढ्यावरच सारे भागवलेले आहे. मग गियेर्मो देल तोरो यांचा ‘द डेव्हिल्स बॅकबोन’ (2001) आणि शेवटी ‘द शायनिंग’. शेवटी अशासाठी, की तो मुद्दाम कोडे म्हणून रचलेला आहे आणि आधीचे सरळ घडणीचे चित्रपट पाहिले असतील तरच त्याचे वाकडेपण उमगते.

जपानी भयपटांची वाट याला लागूनच आहे. हिदेओ नाकाता यांचा ‘रिंगू’ (1998) हे तिचे प्रवेशद्वार होय. एक व्हिडिओ कॅसेट, ती पाहताच येणारा दूरध्वनी, आणि सात दिवसांची मुदत, एवढे सोपे सूत्र. पडद्यावर दिवस मोजले जातात आणि प्रेक्षक आपसूक मोजू लागतो. यातील गाजलेल्या प्रसंगी दिसणाऱ्या स्त्रीची चाल काहीतरी चुकीची वाटते, पण नेमके काय ते सांगता येत नाही. त्यासाठी अभिनेत्रीला उलट्या पावली चालायला लावून ती फीत उलटी फिरवली होती. अमेरिकन पुनर्निर्मिती वाईट नाही, परंतु मूळ चित्रपट आधी पाहावा. नाकाता यांचाच ‘डार्क वॉटर’ (2002) हा छतातून गळणाऱ्या पाण्याचा, आणि मुलगी आपल्याकडे राहील की नाही या आईच्या काळजीचा चित्रपट आहे. मला तो ‘रिंगू’हूनही जास्त भावतो. कियोशी कुरोसावा यांचा ‘कैरो’ (2001) मात्र संथ आणि खिन्न असल्याने घाईच्या दिवशी लावू नये. दक्षिण कोरियाचा ‘अ टेल ऑफ टू सिस्टर्स’ (2003) पाहताना एखादे पात्र कोणाशी बोलते आणि कोणाशी बोलत नाही इकडे लक्ष असू द्यावे.

मुखवटा घातलेला मारेकरी आणि त्याच्या तावडीत सापडणारी तरुण मुले, या स्लॅशर प्रकाराला लोक हलके समजतात. तो समज निम्मा खरा आहे, कारण या प्रकारात सुमार चित्रपटांचे पीक अमाप आले. म्हणून येथे क्रम पाळणे अधिक गरजेचे आहे. आधी आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘सायको’ (1960), ज्यातील स्नानगृहाचा प्रसंग जेमतेम पाऊण मिनिटाचा असून तुकड्यातुकड्यांच्या संकलनाने आणि बर्नार्ड हर्मन यांच्या व्हायोलिनांनी सुऱ्याचे काम केले आहे. त्यानंतर जॉन कार्पेंटर यांचा ‘हॅलोवीन’ (1978). त्याची नायिका जेमी ली कर्टिस ही ‘सायको’तील जॅनेट ली यांची कन्या. मारेकऱ्याचा तो निर्विकार चेहरा म्हणजे ‘स्टार ट्रेक’मधील कॅप्टन कर्कचा बाजारात मिळणारा मुखवटा पांढरा रंगवून वापरलेला होता, आणि पियानोची अडखळत पुढे जाणारी धून खुद्द दिग्दर्शकाने रचली होती. चित्रपटात रक्त आश्चर्य वाटावे इतके कमी आहे. भीती येते ती रुंद चौकटीच्या पार्श्वभूमीतून: समोर कोणी बोलत असते आणि मागे, कुंपणापाशी, एक आकृती उभी असते. हे दोन्ही पाहून झाल्यावरच वेस क्रेव्हन यांचा ‘स्क्रीम’ (1996) लावावा, कारण त्यातील पात्रांनीही हे चित्रपट पाहिलेले आहेत आणि त्याचा सारा विनोद त्या ओळखीवर उभा आहे. तो आधी पाहिल्यास विनोद वाया जातो. ‘द टेक्सास चेनसॉ मॅसकर’ (1974) नावावरून वाटतो तेवढा रक्तरंजित नाही. पण त्यातील उष्मा, गोंगाट आणि वेडेपणा इतका अंगावर येतो की तो पहिल्या दहांत नसलेला बरा.

शरीराच्या विटंबनेचा प्रकार, ज्याला बॉडी हॉरर म्हणतात, किळसेशी थेट व्यवहार करतो. रिडली स्कॉट यांचा ‘एलियन’ (1979) ही त्याची सोसवेल अशी सुरुवात आहे, कारण अर्धा चित्रपट तो झपाटलेल्या घराचाच आहे, फक्त घर अंतराळात आहे आणि माणसे सात आहेत. जेवणाच्या टेबलावरच्या त्या कुप्रसिद्ध प्रसंगात रक्त किती उडणार याची पूर्ण कल्पना कलाकारांना दिली नव्हती, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यांवरचा धक्का बराचसा खरा आहे. तो पचला तर कार्पेंटर यांचा ‘द थिंग’ (1982) घ्यावा. अंटार्क्टिकावरच्या तळावर कोण माणूस आणि कोण नव्हे हे कळेनासे झालेले असते, आणि तापवलेल्या तारेने रक्ताची परीक्षा होते तेव्हा कोचाला बांधलेल्या माणसांचे चेहरे पाहत राहण्यापलीकडे प्रेक्षकाच्या हाती काही उरत नाही. प्रदर्शित झाला तेव्हा तो चालला नाही, आज तो या प्रकाराचा मानदंड मानला जातो. डेव्हिड क्रोननबर्ग यांचा ‘द फ्लाय’ (1986) जेवणानंतर लगेच पाहू नये, एवढेच सांगतो. त्याच्या तळाशी मात्र एक उत्कट प्रेमकथा आहे.

झोंबीपटांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जॉर्ज रोमेरो यांचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (1968) पाहिला की पुढची सर्व झाडे कोणत्या बीजातून आली ते कळते. वितरकांनी नाव बदलताना स्वामित्व हक्काची सूचना गाळली गेल्यामुळे तो अमेरिकेत सार्वजनिक मालकीचा ठरला आणि सहज पाहता येतो. आजच्या वेगाची सवय असलेल्यांनी योन सांग-हो यांचा ‘ट्रेन टू बुसान’ (2016) आधी पाहिला तरी चालेल, आणि ज्यांना हसत हसत घाबरायचे आहे त्यांच्यासाठी ‘शॉन ऑफ द डेड’ (2004) आहेच.

सापडलेल्या चित्रफितीचा आव आणणाऱ्या चित्रपटांपैकी ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (1999) विषयी मतभेद टोकाचे आहेत. त्यात शेवटपर्यंत काहीही दिसत नाही. कोणाला ती फसवणूक वाटते, तर कोणाला तेच त्याचे सामर्थ्य वाटते. हलत्या कॅमेऱ्याने मळमळणाऱ्यांनी तो टाळावा. स्पॅनिश ‘रेक’ (2007) त्यापेक्षा बांधीव आहे.

लोकश्रद्धांवर उभा असलेला भयपट, म्हणजे फोक हॉरर, हा माझा सर्वांत आवडता उपप्रकार आहे, म्हणून येथे थोडा रेंगाळतो. या चित्रपटांत धोका एखाद्या राक्षसाकडून येत नाही, तर आपल्याहून वेगळे काही मनापासून मानणाऱ्या समूहाकडून येतो. रॉबिन हार्डी यांच्या ‘द विकर मॅन’मध्ये (1973) हरवलेल्या मुलीचा शोध घ्यायला एक पोलीस अधिकारी बेटावर येतो, बेटावरचे लोक हसतमुख आहेत, गाणी म्हणतात, त्याच्या प्रश्नांना उत्तरेही देतात, आणि तरीही कोठेतरी हिशेब जुळत नाही. बहुतेक कथा लख्ख उजेडात घडते. तोच उजेड आरी आस्टर यांनी ‘मिडसोमार’मध्ये (2019) इतका ताणला आहे की अंधाराची आठवण यावी, परंतु त्यातील काही दृश्ये अतिशय हिंसक असल्याने तो नंतर पाहावा. रॉबर्ट एगर्स यांचा ‘द विच’ (2015) सतराव्या शतकातील एका कुटुंबाची गोष्ट त्याच काळातल्या भाषेत सांगतो. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (2018) याच पंगतीत बसतो. त्यातले भय देवतेचे असले तरी विषय हाव हाच आहे, आणि न थांबणारा पाऊस हे जणू त्यातील एक पात्र आहे. विशाल फुरिया यांच्या मराठी ‘लपाछपी’त (2017) उसाच्या फडातली उंच, एकसारखी पाती जे काम करतात, ते परदेशी चित्रपटांत जंगलाकडून करवून घेतले जाते. फडात वाटा असतात, पण त्या सगळ्या सारख्याच दिसतात.

पाचवी पायरी: मनाच्या आतले भय, आणि सैतान

काही चित्रपट वरकरणी भुताचे असतात, पण त्यांचा रोख माणसाच्या मनाकडे असतो. जेनिफर केंट यांचा ‘द बाबादूक’ (2014) थकलेल्या आईचा आहे. जॉर्डन पील यांचा ‘गेट आउट’ (2017) वर्णद्वेषाचा आहे आणि त्याला सर्वोत्कृष्ट मूळ पटकथेचे ऑस्कर मिळाले. रोमन पोलान्स्की यांच्या ‘रोझमेरीज बेबी’मध्ये (1968) गर्भवती स्त्रीच्या म्हणण्यावर कोणीच विश्वास ठेवत नाही. फाझिल यांचा मल्याळम ‘मणिचित्रताळु’ (1993) याच घरातला असून, ज्यांनी त्याचा हिंदी अवतार ‘भूल भुलैया’ पाहिला आहे त्यांनीही मूळ चित्रपट अवश्य पाहावा. ‘हेरेडिटरी’ (2018) हा मात्र पोळून निघण्याची तयारी असेल तेव्हाच हाती घ्यावा.

आणि आता ते नाव, जे विचारलेल्या चारपैकी तिघे तरी घेतात. विल्यम फ्रीडकिन यांचा ‘द एक्झॉर्सिस्ट’ (1973) हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला पहिला भयपट. त्याची कीर्ती हिरवी ओकारी आणि वळणारी मान यांवर उभी असल्यामुळे नवखा प्रेक्षक त्याचीच वाट पाहत बसतो आणि पहिल्या तासाला कंटाळतो. वस्तुतः तो पहिला तासच चित्रपटाचा कणा आहे: आई मुलीला एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे नेते, आणि रुग्णालयातील तपासणीचा तो प्रसंग, ज्यात अलौकिक असे काहीच नाही, मला सैतानाच्या सर्व करामतींपेक्षा अधिक सोसवत नाही. झोपण्याच्या खोलीचा सेट प्रत्यक्षात गोठवणारा थंड ठेवला होता, म्हणून कलाकारांच्या तोंडून निघणारी वाफ खरी आहे. दहा-बारा भयपट पाहून झाल्यावर, संथपणाची सवय लागली की, हा चित्रपट पाहावा.

सहावी पायरी: मुळांकडे

मूकपटांपासून सुरुवात करण्याचा सल्ला इतिहासाचे अभ्यासक देतात, पण नवख्याला त्याने झोप येण्याचीच शक्यता अधिक. शेवटी मात्र त्यांच्याकडे वळावेच. एफ. डब्ल्यू. मुरनाऊ यांच्या ‘नोस्फेरातू’ने (1922) ‘ड्रॅक्युला’ची कथा परवानगीशिवाय उचलली होती, लेखक ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नीने खटला जिंकला आणि सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश झाला, तरीही काही प्रती वाचल्या. तो आज अनेक ठिकाणी विनामूल्य मिळतो, मात्र आवृत्ती पारखून घ्यावी. त्या काळी रात्रीची दृश्ये दिवसा चित्रित करून नंतर फीत निळ्या रंगात रंगवली जात असे. रंग उडालेल्या, निव्वळ कृष्णधवल प्रतीत हा रक्तपिपासू भर दुपारी काखेत शवपेटी घेऊन गावातून फिरताना दिसतो आणि प्रेक्षकाला हसू येते. निळी झाक असलेली, पुनर्संचयित प्रत लावली की तीच गल्ली रात्रीची होते.